गळ्याचं माप

तेहेतीस वर्षं गळे कापते आहे मी
दांडिया बझारात, जिन्याखालच्या दुकानात.
पान गळा, मटका गळा, चौकोनी, बोटनेक,
पुढून सात, मागून साडेनऊ,
आणि नवरात्रात तर पाठ नावालाच,
दोन नाड्यांवर तोललेली.
स्वतःच्या मानेभोवती टेप
कधी टाकलीच नव्हती.

आधी सुईला कळलं.
दोरा जवळ नेला की नेढं बाजूला सरायचं.
मग काजं तिरकी जाऊ लागली.
भाकरी दुप्पट, तरी बांगड्या कोपरापर्यंत,
आणि छातीत कुणीतरी
पायडलवरून पाय काढायलाच तयार नव्हतं.
रुखसार म्हणाली, "मासी, असं नका बघू, बीक लागे छे."
मी तर नुसती बघत होते.

डॉक्टर अमीननी कागदावर काढून दाखवली ग्रंथी.
"फुलपाखरासारखी असते."
मला ती बेबी कॉलर दिसली,
आतल्या बाजूनं लावलेली.
म्हणाले, तुमचंच रक्त तिला ओळखत नाही,
परकी समजून रात्रंदिवस डिवचतं,
आणि ती धावत सुटते.
मला हसू आलं.
चार पिढ्या बडोद्यात काढून
साताऱ्याच्या लग्नात मी "गुजरातची",
वरणात साखर घालते म्हणून;
आणि इथे, "पेली मराठी दरजण".
हे दुखणं मला समजावून सांगायला नको होतं.

दोन वर्षं गोळ्या. मग म्हणाले, काढून टाकू.
मी म्हटलं, नवरात्रानंतर.
एकशे बारा चोळ्या अंगावर होत्या
आणि हात थरथरत होते.
रुखसारनं शिवल्या, मी फक्त कापल्या,
तेही मनगट टेबलावर दाबून धरून.

दसरा झाल्यावर दहा दिवस
संत्र्याच्या रसात आयोडीनचे थेंब.
दातांत गंजकी टाचणी धरल्यासारखी चव.
मला सवय होती.

त्या सकाळी डॉक्टर म्हणाले, ताठ बसा. गिळा.
मानेच्या वळीवर पेनानं रेघ ओढली,
खडू नाही, जांभळं पेन,
बरोबर घडीवर.
मनात म्हटलं, हात चांगला आहे.
घडीत गेलेली शिवण सहसा दिसत नाही.
सहीच्या कागदावर एक ओळ होती,
आवाज जाऊ शकतो.
तिच्यावर अंगठा ठेवून मी खाली सही केली.

जाग आली तेव्हा कुणी नाव विचारत होतं.
"मंदाकिनी शितोळे."
जाड कापडातून बोथट सुई जावी तसं अडलं,
पण पलीकडे निघालं.
रात्री ओठांना मुंग्या, बोटांना मुंग्या.
हंसाबेननं शिरेतून कॅल्शियम सोडलं, सावकाश,
आणि माझी बोटं एकेक करून चोळत राहिली,
"गभराशो नहीं," म्हणत,
जसं काही तिला ठाऊक होतं
या बोटांवर घर चालतं.

आता पहाटे पाचला गोळी, उपाशीपोटी.
चहा अर्ध्या तासानं.
इतका लांब अर्धा तास मी आयुष्यात पाहिला नव्हता.
हाक अजून मशीनच्या वर चढत नाही;
कात्री टेबलावर आपटते, रुखसार येते.
गिऱ्हाइकं सांगतात, बंद गळ्याचे शिवा की स्वतःला.
नाही शिवले.
डावीकडे टोकाला थोडी चूण पडली आहे, बस.
माझ्या दुकानात उसवून परत घातली असती.

उरलेलं कापड मी नेहमी परत देते,
बोटभर असलं तरी, पिशवीत घालून.
म्हणून टाके दाखवायला गेले तेव्हा विचारलं,
डॉक्टर, उरलेलं?
त्यांना आधी कळलंच नाही.
मग म्हणाले, बाटलीतून तपासायला गेलं.
रिपोर्ट आला. अडुसष्ट ग्रॅम.
एवढ्या वजनात तान्ह्या बाळाचं झबलं होतं,
टोपडंसुद्धा निघालं असतं.

कागद मापांच्या वहीत ठेवलाय,
"श"च्या पानावर.
नाव लिहिलं. छाती, कंबर, बाही
कोरीच आहेत.